मेनफ्रेमवर स्क्रिप्टिंग भाषा: रेक्सपासून पायथनपर्यंत

बँकेतील खात्यांचा हिशेब, विम्याचे हप्ते, विमानांचे आरक्षण, क्रेडिट कार्डांवरील देवघेव अशी कामे प्रचंड संख्येने येतात आणि त्यांत चूक चालत नाही. अशा कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकांना मेनफ्रेम म्हणतात. या क्षेत्रात आज आयबीएमची झेड ही यंत्रे सर्वांत पुढे आहेत. त्यांची वंशावळ ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर झालेल्या सिस्टीम/३६० या मालिकेपर्यंत जाते. एका पिढीच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम पुढच्या पिढीच्या यंत्रावरही चालला पाहिजे, हे वचन त्या मालिकेने दिले आणि पुढे ते पाळले गेले. कंपन्यांचा मेनफ्रेमवरील विश्वास त्यातूनच आला. मात्र त्याबरोबर १९६४ सालचे अनेक तांत्रिक निर्णयही आजपर्यंत टिकून राहिले.

पर्ल, पायथन, पीएचपी, जावास्क्रिप्ट यांना स्क्रिप्टिंग भाषा म्हणतात. त्यांत लिहिलेला प्रोग्राम आधी वेगळा कंपाइल करून ठेवावा लागत नाही. इंटरप्रिटर तो वाचतो आणि लगेच चालवतो. दोन प्रणाली एकमेकींना जोडणे, फाइलींतून हवा तो मजकूर वेचणे, अहवाल तयार करणे, रोजची कामे आपोआप होतील अशी व्यवस्था लावणे यासाठी त्या सोयीच्या असतात. या भाषा वाढल्या त्या युनिक्स आणि वैयक्तिक संगणकांच्या जगात, आणि त्या जगातल्या चार गोष्टी त्यांनी गृहीत धरल्या. अक्षरे आस्की किंवा युनिकोड या संकेतात असतात. फाइल म्हणजे बाइटांची सलग रांग असते आणि ओळ कुठे संपली हे एक खूण सांगते. ऑपरेटिंग सिस्टीमशी युनिक्सच्या रीतीने बोलता येते. आणि संगणक थोडा जास्त वेळ चालला तर वेगळे बिल येत नाही. मेनफ्रेमवर यांपैकी एकही गोष्ट मुळात खरी नव्हती.

जेसीएलचा काळ

मेनफ्रेमला काम सांगण्याची मूळ भाषा म्हणजे जेसीएल, अर्थात जॉब कंट्रोल लँग्वेज. ती ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर आली. तेव्हा प्रोग्राम आणि सूचना पंचकार्डांवर टोचल्या जात. एका कार्डावर ८० रकाने असत, म्हणून जेसीएलची ओळही ८० अक्षरांची. ओळीची सुरुवात दोन तिरक्या रेघांनी होते. त्यानंतरची मुख्य विधाने तीनच आहेत: कामाची ओळख देणारे ‘जॉब’, कोणता प्रोग्राम चालवायचा ते सांगणारे ‘एक्झेक’ आणि त्या प्रोग्रामला कोणती फाइल द्यायची ते सांगणारे ‘डीडी’.

ही भाषा प्रोग्राम लिहिण्यासाठी नव्हतीच. तिच्यात पुनरावृत्तीची सोय नव्हती. अट घालण्याची मूळ पद्धत उलटी होती: अट खरी ठरली तर पुढची पायरी चालण्याऐवजी वगळली जाई. ओएस/३६० च्या निर्मितीचे नेतृत्व करणारे फ्रेड ब्रूक्स यांनी पुढे जेसीएलवर कडक टीका केली. आपण एक प्रोग्रामिंग भाषाच घडवत आहोत हे तिच्या रचनाकारांच्या लक्षात आले नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

१९७१ मध्ये टीएसओ ही सोय आली आणि अनेकांना एकाच वेळी टर्मिनलसमोर बसून मेनफ्रेम वापरता येऊ लागला. टीएसओच्या आज्ञा एका यादीत लिहून ओळीने चालवण्यासाठी सीलिस्ट नावाची छोटी भाषा होती. मेनफ्रेमवरचे स्क्रिप्टिंग इथून सुरू झाले. पण मजकुराची तोडजोड करणे सीलिस्टमध्ये जिकिरीचे होते.

रेक्स: घरात जन्मलेली भाषा

आयबीएमच्या इंग्लंडमधील हर्स्ली येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक काउलिशॉ यांनी मार्च १९७९ मध्ये एक नवी भाषा लिहायला घेतली. ते काम त्यांनी फावल्या वेळात केले. ती व्हीएम या ऑपरेटिंग सिस्टीमवरील एक्झेक आणि एक्झेक-२ या जुन्या आज्ञाभाषांची जागा घेणार होती. तिचे पहिले नाव रेक्स असेच होते. नंतर त्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वाढले. भाषा कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावरून जगभरच्या आयबीएम केंद्रांत पोहोचली. वापरणाऱ्यांचे अभिप्राय त्याच जाळ्यावरून परत येत आणि त्यांनुसार भाषेत बदल होत. १९८१ मध्ये ह्यूस्टन येथे भरलेल्या ‘शेअर’ या वापरकर्त्यांच्या संमेलनात ती प्रथम बाहेरच्या जगासमोर आली. पुढे ती व्हीएमचा अधिकृत भाग झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस टीएसओमध्येही आली. १९९६ मध्ये तिचे अमेरिकी राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

रेक्सची दोन वैशिष्ट्ये इथे महत्त्वाची आहेत. पहिले असे की, जी ओळ रेक्सची स्वतःची नाही ती रेक्स चूक म्हणून नाकारत नाही. ती भोवतालच्या व्यवस्थेची आज्ञा समजून तिच्याकडे सोपवते. त्यामुळे टीएसओची आज्ञा, संपादकाची आज्ञा आणि रेक्सचे तर्कशास्त्र एकाच प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी नांदतात. दुसरे वैशिष्ट्य गणिताचे. बहुतेक भाषांत अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठवले जातात, म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. रेक्स मात्र माणसासारखे दशमान पद्धतीने मोजते आणि तिचे उत्तर नेमके येते. पैशांचा हिशेब करणाऱ्या यंत्रावर या गुणाची किंमत मोठी आहे.

रेक्स आजही मेनफ्रेमवर रोज वापरली जाते. तिची उणीव भाषेपेक्षा भोवतालात आहे. वेबवरील सेवांशी बोलणे, जेसन मजकूर वाचणे, आकडेवारीचे आलेख काढणे यांसाठी पायथनकडे तयार पॅकेजांचे भांडार आहे. रेक्सकडे तसे नाही. शिवाय नवे पदवीधर पायथन शिकून येतात, रेक्स शिकून येत नाहीत.

युनिक्सचे दार

बाहेरच्या भाषांना आत येण्यासाठी आधी दार हवे होते. ते १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात उघडले. आयबीएमने एमव्हीएस या आपल्या मुख्य ऑपरेटिंग सिस्टीमला ओपनएडिशन नावाचा भाग जोडला. युनिक्ससारख्या प्रणालींसाठी ठरलेल्या पॉझिक्स या मानकानुसार त्यात शेल, पोटफोल्डरांची उतरंड आणि प्रक्रिया सुरू करण्याच्या सुविधा होत्या. एमव्हीएसचे पुढे ओएस/३९० झाले आणि २००० मध्ये झेडओएस जाहीर झाली. या भागाला आता युनिक्स सिस्टीम सर्व्हिसेस म्हणतात. ओएस/३९० ला युनिक्स ९५ हे अधिकृत प्रमाणनही मिळाले. याचा अर्थ, एकाच ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटात जेसीएलची जुनी दुनिया आणि युनिक्सची नवी दुनिया एकत्र राहू लागल्या. युनिक्ससाठी लिहिलेला सी भाषेतील प्रोग्राम तत्त्वतः इथे कंपाइल करता येऊ लागला. पर्ल आणि पायथन यांचे नेहमीचे इंटरप्रिटर सी भाषेतच लिहिलेले असल्याने त्यांचा मार्ग मोकळा झाला, असे कागदावर दिसत होते.

अक्षरांचा घोळ

पहिला अडथळा अक्षरांचाच होता. सिस्टीम/३६० ने एबसिडिक हा संकेत स्वीकारला आणि मेनफ्रेम आजही तोच वापरतो. आस्कीमध्ये इंग्रजी ‘ए’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६५ आहे, एबसिडिकमध्ये १९३. आस्कीमध्ये शून्य या अंकाचा क्रमांक ४८ आहे, एबसिडिकमध्ये २४०. एबसिडिकमधील मोकळ्या जागेचा क्रमांक ६४ असून आस्कीत तोच ई-मेल पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हाचा आहे. म्हणून मेनफ्रेमची फाइल रूपांतर न करता दुसऱ्या संगणकावर उघडली की मोकळ्या जागांच्या ठिकाणी ‘ॲट’च्या रांगा दिसतात.

क्रमांक वेगळे असते एवढ्याने भागले असते, तर रूपांतराचा तक्ता पुरला असता. पण एबसिडिकमध्ये अक्षरे सलग नाहीत. पंचकार्डावरील छिद्रांच्या जुन्या मांडणीतून अक्षरांचे तीन गट आले: ‘ए’ ते ‘आय’ ही नऊ, ‘जे’ ते ‘आर’ ही नऊ आणि ‘एस’ ते ‘झेड’ ही आठ. ‘आय’चा क्रमांक २०१, तर ‘जे’चा २०९. मधल्या जागांत दुसरी चिन्हे आहेत. ‘जे’च्या अगदी अलीकडे २०८ वर बंद होणारा महिरपी कंस आहे. आस्कीवर वाढलेला प्रोग्राम ‘ए पासून झेडपर्यंतचे काहीही’ शोधताना पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकांमधले सगळे घेतो. एबसिडिकवर तो महिरपी कंसालाही अक्षर समजू लागतो. क्रमवारीचीही तीच गत होते. आस्कीत आधी अंक, मग मोठी अक्षरे आणि मग लहान अक्षरे येतात; एबसिडिकमध्ये आधी लहान, मग मोठी आणि शेवटी अंक. तीच यादी, तीच आज्ञा, पण क्रम वेगळा.

त्यात एबसिडिक एकच नाही. देशोदेशी आणि कामागणिक त्याची कोडपाने वेगळी आहेत. अमेरिकेत रुळलेल्या ३७ क्रमांकाच्या पानावर आणि झेडओएसच्या युनिक्स भागात चालणाऱ्या १०४७ क्रमांकाच्या पानावर चौकटी कंसांच्या जागा वेगवेगळ्या आहेत. जवळजवळ प्रत्येक स्क्रिप्टिंग भाषेत चौकटी कंस पावलोपावली लागतात, म्हणून चुकीच्या पानाने वाचलेला निर्दोष प्रोग्रामही पहिल्याच ओळींत अडखळतो.

यावर झेडओएसने काढलेला तोडगा म्हणजे फाइलीवर चिठ्ठी लावणे. युनिक्स भागातील प्रत्येक फाइलीला तिचा मजकूर कोणत्या संकेतात आहे हे सांगणारा क्रमांक जोडता येतो आणि ती वाचताना ऑपरेटिंग सिस्टीम आपोआप रूपांतर करते. चिठ्ठी नसेल किंवा चुकीची असेल, तर मात्र बिनअर्थाची अक्षरे समोर येतात. मेनफ्रेमवर पायथन शिकणाऱ्याची पहिली अडचण पुष्कळदा याच चिठ्ठीपाशी उगम पावते.

फाइल, नोंद आणि आकडा

दुसरा अडथळा फाइलीच्या कल्पनेचा. मेनफ्रेमवरच्या पारंपरिक फाइलीला डेटासेट म्हणतात. तिचे नाव बिंदूंनी तुटक असते. प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ८ अक्षरांचा आणि पूर्ण नाव जास्तीत जास्त ४४ अक्षरांचे. तिच्यात ओळ संपल्याची खूण नसते. डेटासेट नोंदींचा बनलेला असतो आणि एका नोंदीची लांबी तो तयार करतानाच सांगावी लागते. ८० बाइटांच्या नोंदी आजही जागोजागी आढळतात. तो पंचकार्डाचाच वारसा. ‘ओळ संपेपर्यंत वाच’ ही स्क्रिप्टिंग भाषेतली सर्वांत साधी क्रिया इथे थेट लागू पडत नाही.

नोंदीच्या आत आणखी एक पेच असतो. मेनफ्रेमवरचे हिशेब ज्या भाषेत लिहिले जातात त्या कोबॉलमधले प्रोग्राम रक्कम पुष्कळदा पॅक्ड डेसिमल स्वरूपात ठेवतात. त्यात एका बाइटात दोन अंक बसतात आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात अधिक-उणे चिन्ह असते. १२३४५ ही संख्या अशी तीन बाइटांत मावते. नोंदीचा कोणता भाग नाव, कोणता तारीख आणि कोणता रक्कम हे नोंदीत लिहिलेले नसते. ते कोबॉलच्या कॉपीबुक नावाच्या वेगळ्या मजकुरात असते. त्यामुळे सबंध नोंदीवर एबसिडिक ते आस्की असे सरसकट रूपांतर केले तर नाव वाचता येते, पण रक्कम बिघडते. स्क्रिप्टला आधी कॉपीबुक समजून घ्यावे लागते आणि मग प्रत्येक भाग त्याच्या रीतीने वाचावा लागतो.

पर्लचा अनुभव आणि जावाची पळवाट

हे अडथळे ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न पर्लने केला. लॅरी वॉल यांची ही भाषा १९८७ मध्ये आली आणि १९९० च्या दशकात ती ओएस/३९० वर पोहोचली. मजकुरातले नमुने शोधणे हे पर्लचे बलस्थान, आणि नेमके तेच अक्षरांच्या क्रमांकांवर उभे होते. पर्लने युनिकोड स्वीकारल्यावर गुंता वाढला. आस्कीच्या यंत्रांवर युनिकोडची पहिली १२८ चिन्हे आस्कीशी तंतोतंत जुळतात. एबसिडिकवर तो आधार नाही. पुढे बरीच वर्षे पर्लच्या नव्या आवृत्त्या एबसिडिकवर नीट चालत नव्हत्या. २०१५ मध्ये आलेल्या ५.२२ आवृत्तीत ही सोय पुन्हा सुस्थितीत आली. भाषा एकदा आणून भागत नाही, तिच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत मेहनत पुन्हा घ्यावी लागते, हे पर्लच्या अनुभवातून दिसले.

काहींनी अडथळ्याला वळसा घातला. जावाचे आभासी यंत्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेनफ्रेमवर आले होते. जावात अक्षरे आतून युनिकोडमध्येच असतात, म्हणून संकेताचा प्रश्न फक्त आत येताना आणि बाहेर जाताना पडतो. पायथनचा जावावर चालणारा अवतार ज्यथन आणि जावाच्याच घरातली ग्रूवी या भाषा त्यामुळे मेनफ्रेमवर तुलनेने सहज चालल्या. पण सी भाषेत लिहिलेली पायथनची लोकप्रिय पॅकेजे ज्यथनला वापरता येत नव्हती, आणि पायथनची मोठी ताकद त्या पॅकेजांतच होती.

दुसरा वळसा लिनक्सचा. डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने मेनफ्रेमसाठी लिनक्सचे बदल प्रसिद्ध केले. मेनफ्रेमवरील लिनक्स आस्की वापरते, म्हणून पर्ल, पायथन, पीएचपी तिथे फारशी खळखळ न करता चालतात. उरतो तो मुख्यतः बाइटांच्या क्रमाचा फरक: मेनफ्रेम संख्येचा सर्वांत मोठा भाग आधी ठेवतो, इंटेलची यंत्रे शेवटी. पण बँकेचा जुना डेटा आणि कोबॉलचे प्रोग्राम पुष्कळ ठिकाणी झेडओएसवरच असतात. लिनक्सवरची स्क्रिप्ट त्यांच्या शेजारच्या खोलीत असते, त्याच खोलीत नाही.

नोड आणि पायथन

२०१७ मध्ये आयबीएमने झेडओएससाठी नोड जेएस उपलब्ध केले. नोडच्या पोटातले व्ही-८ हे इंजिन जावास्क्रिप्टचे चालता चालता यंत्राच्या सूचनांत रूपांतर करते. म्हणून नोडसाठी फक्त पुन्हा कंपाइल करून भागले नाही. मेनफ्रेमच्या सूचना तयार करणारा नवा भाग व्ही-८ मध्ये लिहावा लागला. २०२० मध्ये आयबीएमने झेडओएससाठी स्वतःचे पायथन आणले. त्यापूर्वी रॉकेट सॉफ्टवेअर या कंपनीने पायथनसह अनेक मुक्तस्रोत साधने या ऑपरेटिंग सिस्टीमवर आणून ठेवली होती.

पायथनच्या आगमनामागे एक व्यवहारी कारणही होते. अनेक संगणकांची मांडणी एकाच ठिकाणाहून ठेवण्यासाठी अँसिबल हे साधन जगभर वापरले जाते. ते ज्या यंत्रावर काम करते त्या यंत्रावर सहसा पायथन असावे लागते. मेनफ्रेमला बाकीच्या सर्व्हरांच्या पंगतीत बसवायचे तर तिथे पायथन हवेच होते. डेटासेट तयार करणे, काम सुरू करणे, त्याचा निकाल वाचणे ही खास मेनफ्रेमची कामे पायथनमधून करता यावीत म्हणून आयबीएमने वेगळी सोयही दिली. उलट्या दिशेने मेनफ्रेमबाहेर बसून त्याच्याशी बोलण्याची वाट झोवे या मुक्तस्रोत प्रकल्पाने २०१८ मध्ये मोकळी केली. त्याचे आज्ञासाधन नोडवर चालते.

वेळेचे बिल

चौथे गृहीतक पैशाचे. मेनफ्रेमवरील अनेक सॉफ्टवेअरचे शुल्क मुख्य प्रोसेसर किती वापरला यावर ठरते. इंटरप्रिटरवर चालणारी भाषा त्याच कामाला कंपाइल केलेल्या कोबॉलपेक्षा जास्त वेळ घेते, म्हणजे सोयीची स्क्रिप्ट बिलात महाग पडू शकते. आयबीएमने २००४ मध्ये जावासाठी आणि २००६ मध्ये डेटाबेससारख्या कामांसाठी खास प्रोसेसर दिले होते. त्यांच्यावर झालेले काम या शुल्कात धरले जात नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरला झिप म्हणतात. आता जावाचे काम त्याच्यावरच जाते आणि झेडओएसवरील पायथनच्या कामाचा मोठा भागही त्याच्याकडे वळवता येतो. ही सवलत नसती तर पायथन तांत्रिकदृष्ट्या चालले असते, पण हिशेबात बसले नसते.

माणसांचा प्रश्न

या सगळ्या खटाटोपामागे माणसांची टंचाई आहे. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत बेरोजगारी भत्त्याचे अर्ज वाढले, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना कोबॉल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन करावे लागले. मुंबई-पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्यांना हे जग परके नाही. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांनी २००० सालच्या तारखेच्या दुरुस्तीसाठी परदेशी कंपन्यांचे कोबॉल प्रोग्राम ओळीओळीने तपासले होते. ज्याला कोबॉल येत नाही पण पायथन येते, अशा तरुणाला मेनफ्रेमवर पहिल्या आठवड्यापासून उपयोगाचे काम देता यावे, हा या भाषा आणण्यामागचा मोठा हेतू आहे.

देवाणघेवाण एकतर्फी मात्र नाही. पायथनमध्ये २००४ पासून असलेले दशमान गणिताचे मॉड्यूल ज्या तपशीलवार आराखड्यावर बेतले आहे, तो रेक्सच्या माइक काउलिशॉ यांचाच आहे. पॅक्ड डेसिमलमधली रक्कम पैशापैशाने जुळवायची असेल तर पायथनमध्येही तेच मॉड्यूल वापरावे लागते.

रात्रीचा मोठा हिशेब अजूनही कोबॉलच करते. स्क्रिप्टिंग भाषांनी तिची जागा घेतलेली नाही. त्यांच्या वाट्याला भोवतालची कामे आली आहेत: तपासणी, जुळवाजुळव, अहवाल, बाहेरच्या सेवांशी संपर्क. आणि अशी पायथन स्क्रिप्ट रात्रीच्या बॅचमध्ये चालवायची असेल, तर बीपीएक्सबॅच या प्रोग्रामच्या हाती ती सोपवतात. तो प्रोग्राम सुरू करण्यासाठी लागते जेसीएलमधली ‘एक्झेक’ची ओळ, दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारी आणि ८० रकान्यांत मावणारी.